संशोधन जहाज नेमकं कशाभोवती बांधतात?

खारेवारे

परवा गार्डन रीचच्या नव्या संशोधन जहाजाच्या बातमीखाली एकाने लिहिलं होतं, "जुनं मालवाहू जहाज घ्या, आत चार लॅब बसवा. ८४० कोटी कशाला हवेत?" उत्तर लिहायला बसलो तर ते मारुतीच्या शेपटासारखं वाढतच गेलं, म्हणून इथे वेगळा धागा. (बातमी सुटली असेल तर: जुलै २०२४ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीशी करार केला. जहाज साधारण ९० मीटर लांबीचं असणार आहे.)

आधी पात्रता सांगतो. मी शास्त्रज्ञ नाही. उपकरणं पाण्यात सोडायची आणि परत वर काढायची, हे काम वीसेक वर्षं केलं. त्यामुळे माझं मत एकांगी आहे, आणि ते असं: संशोधन जहाज लॅबभोवती नव्हे, तारेभोवती बांधतात. लॅब काय, वीस फुटी कंटेनरमध्येही मावते. डेकला बोल्टने आवळली की झालं.

आता तारेचं बघा. सगळ्यात नेहमीचं काम म्हणजे सीटीडी. पाण्याची वाहकता (तीवरून क्षारता काढतात), तापमान आणि खोली मोजणारं यंत्र. ते एका गोल लोखंडी पिंजऱ्यात तळाशी बसवतात आणि भोवती दहा-दहा लिटरची बारा किंवा चोवीस नळकांडी उभी लावतात. नळकांडी दोन्ही टोकांना उघडीच खाली जातात. वर येताना हव्या त्या खोलीला थांबायचं, वरून बटण दाबायचं, खटका सुटतो, झाकणं मिटतात, त्या थरातलं पाणी आत कैद. हा सगळा संसार ज्या तारेवर लटकतो ती जेमतेम ८ मिलिमीटर जाडीची. बाहेरून पोलादी पीळ, आत विजेची तार, कारण यंत्राचे आकडे तिच्यातूनच वर येतात. अशी ६००० मीटर तार विंचवर गुंडाळलेली असते. नुसत्या तारेचं वजन दीड टन! तुटायची मर्यादा साडेचार टनांच्या आसपास. म्हणजे पिंजरा पूर्ण खोलीला गेला की बऱ्यापैकी ताकद ती स्वतःलाच पेलण्यात खर्च करते.

आणि हे सगळं स्थिर जमिनीवरून चाललेलं नाही. जहाज लाटेवर दोन-तीन मीटर वरखाली होतंय. जहाज खाली येतं तेव्हा पिंजरा तितक्या वेगाने बुडत नाही, पाणी त्याला धरून ठेवतं. तार ढिली पडते, तिचं वेटोळं होतं, पुढच्या क्षणी जहाज वर उचललं जातं आणि वेटोळ्याची गाठ आवळली जाते. एकदा तारेला अशी मुरड पडली की तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि टोक नव्याने बांधायचं. लोकांना वाटतं धोका खोलवर असतो. ढिली पडायचा धोका सगळ्यात जास्त पहिल्या शंभर मीटरमध्ये, कारण तिथे तारेचं स्वतःचं वजन तिला ताणून धरायला नसतं.

म्हणून सीटीडी जहाजाच्या मध्यावर, बाजूने सोडतात. नाळ (पुढचं टोक) आणि पाठ (मागचं टोक) लाटेवर झोपाळ्यासारखी वरखाली होतात, मध्य त्या मानाने शांत. वारा घ्यायचा तोही त्याच अंगावर, म्हणजे जहाज तारेपासून लांब सरकत राहतं. उलट केलंत तर तार बुडाखाली जाते, आणि तिकडे पंखा (प्रोपेलर) आहे. मालवाहू जहाजाला मधोमध अशी जागाच नसते. तिथे माल असतो.

लॅबची जागा, विंचची खोली, डेकची उंची, कॅप्टनला मागचं दिसावं म्हणून ब्रिजवर ठेवलेली दुसरी नियंत्रणं, हे सगळं त्या एका लटकत्या टोकाच्या सोयीने ठरतं. बाकी आवाजाचा भाग राहिला, तो खाली कोणी विचारलं तर लिहितो.

रानभूल

वाचतोय. आवाजाचं लिहाच.

इंजिनरूम

काका, मी मालवाहू जहाजांवर बारा वर्षं इंजिनात आहे, तुमच्या मुद्द्याला आमच्या बाजूने पुरवणी. आमच्याकडे मुख्य इंजिन थेट पंख्याच्या दांड्याला जोडलेलं असतं. ते अगदी हळू फिरवलं तरी जहाज पाच-सहा नॉटने जातंच. त्याहून कमी हवं तर इंजिन बंद करायचं आणि वाहत जायचं. तुम्हाला जाळं किंवा ड्रेज (तळ खरवडणारं अवजार) ओढायला एक-दोन नॉट लागतात, तेही तासन्‌तास. आमच्या इंजिनाकडून ते करून घेणं म्हणजे ट्रकने पाळणा झुलवणं. डिझेल-इलेक्ट्रिकमध्ये डिझेल इंजिनं फक्त वीज बनवतात, पंखा मोटर फिरवते, त्यामुळे वेग कानातल्या कोरणीइतका बारीक साधता येतो.

पण एक विचारतो. आपल्या जुन्या संशोधन जहाजाचं, गवेषणीचं काय? ती तर गाळ वाहणाऱ्या बार्जवरूनच केली होती ना? मग त्या बातमीखालच्या माणसाचं म्हणणं इतकं हास्यास्पद नाही.

खारेवारे

@इंजिनरूम, बरोबर पकडलंत. मूळ धाग्यात मी ते मुद्दाम टाळलं होतं, कारण माझा मुद्दा पातळ होतो. 😀

गवेषणी खरोखरच हॉपर बार्ज होती. गार्डन रीचनेच तिचं रूपांतर केलं आणि १९७६ पासून ती दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी धावली. २६ जानेवारी १९८१ ला हिंदी महासागराच्या तळातून बहुधातूंचे गोळे भारताने पहिल्यांदा वर काढले ते याच जहाजाने. त्या कामाच्या जोरावर १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचा टापू भारताच्या नावावर झाला (पुढे निम्मा सोडून ७५ हजार ठेवला). जुन्या बाटलीत नवं औषध चालतं, हे नाकारता येत नाही. समुद्रसंशोधनाच्या गाजलेल्या सफरीवर गेलेली ब्रिटिशांची 'चॅलेंजर' तर युद्धनौका होती. १८७२ साली १७ पैकी दोन सोडून सगळ्या तोफा उतरवल्या आणि त्या जागी कामाच्या खोल्या केल्या. ६८,८९० सागरी मैल फिरली.

पण चॅलेंजरवर खोली कशी मोजत? दोराला वजन बांधून. जहाजाने किती आवाज केला याने दोराला फरक पडत नाही. आज तळाचा नकाशा आवाजाने काढतात, आणि तिथेच रूपांतर केलेल्या जहाजाचं सोंग उघडं पडतं.

रानभूल, हे घ्या तुमचं. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. ४५०० मीटर खोल पाण्यात बुडाखालून सोडलेली हाक तळाला आपटून परत यायला सहा सेकंद. हाक मोठी, प्रतिध्वनी कुजबुजीएवढा. मल्टीबीम सोनारमध्ये (सोनार म्हणजे आवाजाने तळ शोधणारं यंत्र) तर एकाच वेळी पंख्यासारखे शेकडो किरण पसरतात आणि कडेचे किरण तिरके जाऊन येतात, त्यांचा प्रतिध्वनी आणखी क्षीण. ती कुजबुज ऐकायची तर घरात शांतता हवी. म्हणून जनरेटर रबराच्या पायांवर, आणि ते पाय ज्या चौकटीवर ती चौकट पुन्हा रबरावर. पंख्याची पाती अशी घडवलेली की पाणी उकळल्यासारखे बुडबुडे फुटू नयेत. मासे मोजणाऱ्या जहाजांसाठी तर १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादाच आखून दिली, कारण जहाजाच्या आवाजाने मासे पळाले तर मोजणार काय, पाणी?

पण आवाजाहून मोठा शत्रू म्हणजे बुडबुडे. नाळ लाटेत आपटली की हवा पाण्यात कोंडली जाते आणि बुडाला चिकटून मागे वाहते, नेमकी सोनारच्या तोंडावरून. हवेच्या त्या पडद्यातून आवाज जात नाही. संगणकाच्या स्क्रीनवर नकाशा सुरेख रंगत असतो, समुद्र जरा खवळला की एकदम काळे पट्टे. यावर इलाज म्हणजे नाळेचा आकार काळजीपूर्वक घडवायचा आणि सोनार बुडाला सपाट न लावता खाली लोंबणाऱ्या वेगळ्या पेटीत बसवायचे, म्हणजे हवा वरून निघून जाते. काही जहाजांत पट्टीसारखा कणाच खाली सरकवता येतो. हे नंतर चिकटवता येतं, पण नाळ कशी बदलणार?

आबोली

काका, तुमची तार मान्य, पण "लॅब काय, कंटेनरमध्येही मावते" हे वाक्य तारेवरच्या माणसाचंच आहे हो. पिंजरा डेकवर आला की तुम्ही हात झटकून चहाला जाता, आमचं तेव्हा सुरू होतं.

मी पीएचडीच्या काळात चार सफरी केल्या. पहिल्या सफरीत मला फक्त ऑक्सिजनचं काम दिलं होतं. नळकांड्यातून पाणी काढायचा क्रम ठरलेला असतो, वायू आधी आणि क्षारता शेवटी, म्हणून सगळ्यात पुढे मी. रबरी नळी बाटलीच्या तळाशी टेकवायची, पाणी भरून बरंच ओसंडू द्यायचं, नळीत एकसुद्धा बुडबुडा दिसता कामा नये. लगेच दोन रसायनं, बूच, हलवायचं. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ शून्य आहे. तिथल्या पाण्यात बाहेरच्या हवेचा एक बुडबुडा म्हणजे दुधाच्या पातेल्यात लिंबू. हे सगळं पहाटे तीन वाजता, ओल्या डेकवर, मागे सात जण आपापल्या बाटल्या घेऊन रांगेत आणि "झालं का गं?"

म्हणून ओली लॅब डेकच्या पातळीवरच आणि पिंजऱ्यापासून चार पावलांवर लागते. एका जहाजावर मधे एक जिना होता. चोवीस नळकांड्यांच्या बाटल्या घेऊन रोलिंगमध्ये जिना! ज्याने नकाशा काढला त्याला एकदा त्यावरून कढईभर आमटी न्यायला सांगायला हवी.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सांगून खरी वाटत नाही. जहाजावर साधा तराजू चालत नाही. वजन क्षणाला बदलतं. त्यामुळे रसायनं किनाऱ्यावरच मोजून पुड्या बांधून न्यायच्या, आजी वाणसामानाच्या बांधायची तशा.

सड्यावरचा

आमटीचा दाखला पटला. आमच्याकडे ट्रॉलरवर भात शिजवताना भांडं दोराने बांधतात.

एक अडाणी प्रश्न: आता उपग्रह आहेत, ते अर्गो की काय तरंगते यंत्र आहेत, मग जहाज लागतंच कशाला?

खारेवारे

@आबोली, शरणागती. वाक्य मागे घेतो, चहा मागे घेत नाही.

@सड्यावरचा, अडाणी मुळीच नाही, अर्थखात्यातलेही हेच विचारतात. उपग्रहाला पृष्ठभागाखालचं फारसं दिसत नाही. अर्गोची तरंगती यंत्रं जगभर जवळपास चार हजार आहेत, बहुतेक २००० मीटरपर्यंत बुडी मारून दर दहा दिवसांनी वर येतात आणि आकडे पाठवतात. भारताचा त्यातला वाटा हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था सांभाळते. फार मोठं काम आहे. पण अर्गो तळाचा चिखल आणत नाही, गोळे आणत नाही, दहा लिटर पाणी आणत नाही. आणि त्याच्या संवेदकाचे आकडे भरकटले की ताडून बघायचे कशाशी? जहाजावरून मोजलेल्याशी. शिवाय बरेचसे अर्गो समुद्रात सोडतं तरी कोण? जहाजच.

लॅबच्या नकाशावरून एक किस्सा. जहाजाचं नाव सांगणार नाही. बुडाजवळून समुद्राचं पाणी सतत ओढून ते थेट लॅबच्या नळाला देतात, चालत्या जहाजावर दिवसरात्र मोजता यावं म्हणून. त्या सफरीत आम्ही दोन दिवस एका जागी उभे होतो. लॅबमधली एक मुलगी म्हणाली, फॉस्फेट मधेच वाढतंय. आधी वाटलं खालून फॉस्फेटवालं थंड पाणी वर येतंय, शास्त्रज्ञ मंडळी एकदम खुलली. तिने मात्र वेळा मांडल्या: दुपारी दीड, रात्री साडेआठ. तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा ती सरळ गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघरात) गेली. भंडारी (जहाजावरचा आचारी) भांडी घासत होता. गॅलीच्या सांडपाण्याचं तोंड त्या पाणी ओढणाऱ्या नळाच्या जरा पुढे, त्याच बाजूला. चालत्या जहाजावर पाणी मागे निघून जायचं, उभ्या जहाजावर प्रवाह नेमका तिकडे फिरवायचा. फॉस्फेट होतं घासायच्या पावडरीचं. उरलेली सफर भांडी राखेने घासली नाहीत एवढंच, पण पावडर बंद झाली आणि भंडारी आमच्याशी दोन दिवस बोलला नाही. तेव्हापासून कुठलंही जहाज दिसलं की मी आधी बुडावरची भोकं मोजतो.

मिश्किल_मन

म्हणजे समुद्राच्या पोटात काय चाललंय ते कळायला आधी गॅलीत काय चाललंय ते बघावं. 😄

फ्लिपबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? अमेरिकेची १९६२ सालची १०८ मीटर लांब नळी. स्वतःचं इंजिन नाही, ओढत न्यायची, मग मागच्या टाक्यांत पाणी भरायचं आणि ती सबंध उभी राहायची, बहुतेक भाग पाण्याखाली. आत भिंतीचा तळ व्हायचा. काही खोल्यांत दोन दोन बेसिन, एक आडव्यासाठी, एक उभ्यासाठी. २०२३ मध्ये निवृत्त झाली.

खारेवारे

फ्लिप म्हणजे माझ्या मुद्द्याचं टोक! लाटेचा जोर खोलीबरोबर झपाट्याने कमी होतो, म्हणून जहाजाचा बहुतेक भाग त्या जोराच्या खाली नेऊन ठेवला. डोलायचं बंद, मग तिथून हवी ती नाजूक उपकरणं लटकवा. पण एवढा एकच गुण. नेहमीच्या जहाजाला सगळंच थोडं थोडं करावं लागतं आणि एक गुण दुसऱ्याशी भांडतो. थ्रस्टर (जहाज आडवं ढकलणारे छोटे पंखे) लावून संगणकाच्या मदतीने जहाज काही मीटरांत एका जागी उभं धरता येतं, तारेला उत्तम. पण थ्रस्टर आवाज आणि बुडबुडे दोन्ही करतात, सोनारला वाईट. बर्फ फोडायचा तर बूड गोलाकार हवं, बाजूला पंख नकोत, मग उघड्या समुद्रात ते जहाज ओंडक्यासारखं लोळतं. ब्रिटिशांच्या सर डेव्हिड ॲटनबरो जहाजात मधोमध तळापर्यंत चार मीटर बाय चार मीटरची विहीर ठेवली आहे, भोवती बर्फ असला तरी त्यातून उपकरण सोडता येतं. पण तेवढी जागा पोटातून गेलीच ना.

आपल्याकडची जहाजं पाहिलीत तर प्रत्येकाचा पिंड निराळा आहे. सागर कन्या १९८३ ची, जर्मनीत बांधलेली, शंभर मीटरची. मान्सूनपासून तळाच्या नकाशापर्यंत सगळं केलं, १९९९ च्या इंडोएक्स मोहिमेत हवेतली धूळ-धूर मोजायलाही हीच. सागर संपदा डेन्मार्कची, १९८४ ची, मासळीसाठी. सागर निधी इटलीत बांधलेली १०४ मीटरची, बर्फाळ पाण्यात जाऊ शकणारी आणि अवजड सामान उचलणारी. 'मत्स्य ६०००' ही माणसांची पाणबुडी तिच्यावरूनच जायची आहे.

रानभूल

मत्स्यमध्ये तीन माणसं ना? मग तिथे तार नाही. तुमचा सिद्धांत गळाला.

खारेवारे

तिघेच. २.१ मीटर आतल्या व्यासाचा टायटॅनियमचा गोळा, भिंत ८० मिलिमीटर. खाली मुक्तच फिरणार, पण पाण्यात उतरवायची आणि उचलायची कशाने? मागच्या मोठ्या कमानीने, तारेनेच. सहा हजार मीटरवर सगळं शांत असतं. ती पृष्ठभागावर येते, लाट एकीकडे ढकलते, जहाज दुसरीकडे डोलतं आणि कोणीतरी रबरी होडीतून जाऊन तिला आकडा लावतं, ती पाच मिनिटं खरी. आमच्याकडे माणसाविना जाणारी उपकरणं उचलताना सारंग (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) सगळ्यांना गप्प करायचा. रत्नागिरीकडचा म्हातारा, डेकवर हाताच्या खुणांशिवाय बोलायचं नाही असा त्याचा दंडक. शास्त्रज्ञांनी "जरा डावीकडे" म्हटलं तरी तो विंचवाल्याला मूठ दाखवून थांबवायचा. मूठ म्हणजे थांब. अजून मला रस्ता ओलांडताना कोणाला थांबवायचं असलं की हात तसाच वर जातो.

आबोली

आणि थर्मोकोलचे कप! ते सांगा की.

खारेवारे

हां. चहाचे थर्मोकोलचे कप घेऊन त्यावर नावं-चित्रं काढायची, जाळीच्या पिशवीत घालून पिंजऱ्याला बांधायची. ४००० मीटरवर दाब चारशे वातावरणांचा, कपातली हवा चेपून निघते. वर येतो तेव्हा अंगठ्याएवढा, अक्षरं सगळी शाबूत, फक्त बारीक. खाली जायला तासाहून जास्त, वर यायला नळकांडी मिटत मिटत आणखी जास्त, तीनेक तास असे वाट बघण्यातच जातात. रात्री उभ्या जहाजाच्या दिव्यावर माकुलं जमतात, खलाशी गळ टाकतात आणि पहाटे भंडाऱ्याकडे सुक्कं तयार. (माझ्याशी बोलत नसलेल्या दोन दिवसांत त्याने मला वगळलं होतं, हे नमूद करतो.)

चाफा_०४

इतके दिवस नुसती वाचक होते. मुलगी गोवा विद्यापीठात सागरविज्ञान शिकते, पुढच्या महिन्यात पहिली सफर आहे. तिला एसटीतसुद्धा घाट लागतो. काय पाठवू बरोबर?

आबोली

ताई, पुढच्या टोकाची केबिन मिळाली तर मधली बदलून मागायला सांगा, खालच्या मजल्यावरची असली तरी चालेल. खोली जितकी खाली आणि मध्यावर तितकं कमी हलतं. कोरडी बिस्किटं, आल्याच्या वड्या. पोट रिकामं ठेवायचं नाही. काम नसेल तेव्हा डेकवर येऊन क्षितिज बघायचं, फोनकडे नाही. तिसऱ्या दिवशी बहुतेकांचं जमतं.

चाफा_०४

आणि गोळी? जहाज हलायला लागलं की घ्यायची ना?

खारेवारे

ती डॉक्टरांना विचारूनच, पण धक्का सुटायच्या तासभर आधी. हलायला लागल्यावर घेतलेली गोळी मुरगावच्या बाहेर पडायच्या आत समुद्रात गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. माझीच होती.